दोन गोड द्रव आणि जे. जे. रुग्णालय

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात ग्लिसरीनची बाटली बहुधा असतेच. रंग नाही, वास नाही, चवीला गोडसर, बोटांना गुळगुळीत. साबण तयार करताना तेलापासून ते सुटे होते, हे आपण दहावीच्या पुढच्या वर्गांत शिकवतो. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा दुसरा एक द्रवही रंगहीन, वासहीन आणि गोडसर असतो. तो प्रयोगशाळेत सहसा नसतो. कारखान्यांत मात्र पिंपांनी असतो. एथिलीन ऑक्साइडपासून ग्लायकॉल बनवताना तो जोडीने तयार होतो आणि द्रावक म्हणून, ब्रेकच्या तेलात, रेझिनांच्या उद्योगात वापरला जातो. पहिला द्रव औषध आहे, दुसरा विष. या दोहोंची गल्लत झाल्याने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चौदा रुग्ण दगावले.

ही घटना आता शिक्षकांच्या तरुण पिढीला फारशी ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही ती ‘भ्रष्टाचाराचे प्रकरण’ म्हणून आठवते. ते ती होतीच. पण औषधाच्या बाटलीची ओळख कोणी, कुठे आणि कशाने पटवायची, हा त्या प्रकरणाच्या गाभ्यातील प्रश्न रसायनशास्त्राचा आहे.

जे. जे. रुग्णालय आणि त्याला जोडलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासूनचे. देशातील नामांकित संस्थांत त्याची गणना होते. तेथे ग्लिसरॉल कशासाठी देत असत, ते आधी पाहू. (ग्लिसरॉल हे रासायनिक नाव, ग्लिसरीन हे बाजारातले.) मनुका पाण्यात टाकली की फुगते आणि मिठात घातलेल्या काकडीला पाणी सुटते, हे परासरण आपण वर्गात दाखवतो. ग्लिसरॉलचे काम त्याच तत्त्वावर चालते. ते पोटात घेतले की रक्तात उतरते, रक्ताची तीव्रता वाढते आणि भोवतालच्या ऊतींतील पाणी रक्ताकडे ओढले जाते. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढतो, तो त्यामुळे उतरतो. डोक्याला मार लागून किंवा गाठीमुळे मेंदूला सूज आली असेल तर तीही ओसरते. औषध स्वस्त, तोंडाने किंवा नाकातील नळीने देता येण्याजोगे आणि वर्षानुवर्षे वापरातले. त्यामुळे डोळ्यांच्या आणि मेंदूच्या विकारांच्या रुग्णांना ते देणे हा रोजचा परिपाठ होता. त्यात धोका आहे असे कुणाला वाटावे, असे काहीच नव्हते.

त्या वर्षी हे औषध घेणाऱ्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली. मेंदूची सूज घेऊन आलेला रुग्ण मूत्रपिंड निकामी होऊन जाऊ लागला. एखाद-दुसरा रुग्ण असा गेला तर डॉक्टर मूळ आजाराला दोष देतात आणि ते स्वाभाविकही आहे. गंभीर रुग्णांच्या वॉर्डात मृत्यू नवा नसतो. परंतु वेगवेगळ्या आजारांचे रुग्ण एकाच तऱ्हेने जाऊ लागले तेव्हा या सर्वांना समान काय दिले गेले, हा प्रश्न उभा राहिला. समान होते ते ग्लिसरॉल. तपासणीत त्यात १८.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. औद्योगिक वापराचे ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात आले होते.

हे १८.५ टक्के म्हणजे नेमके किती, याचा हिशेब वर्गात जरूर करून दाखवावा. ग्लिसरॉलची मात्रा वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम अशी असते. साठ किलोच्या माणसाला एका वेळी साठ ग्रॅम. त्यातील साडेअठरा टक्के म्हणजे अकरा ग्रॅम विष, तेही एका मात्रेत. आणि अशा मात्रा दिवसातून अनेकदा, कित्येक दिवस. खोकल्याच्या औषधात ग्लिसरीन गोडीपुरते असते, चमच्यात थोडेसे. येथे ग्लिसरीन हेच औषध होते.

महाराष्ट्र शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. त्यांचा अहवाल नोव्हेंबर १९८७ मध्ये आला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर लेख लिहिला आणि प्रकरण जगभरच्या वैद्यकांपर्यंत पोहोचवले. अहवालात एकाच माणसावर बोट ठेवून सुटका करून घेतलेली नाही, हे त्याचे मोठेपण. औषधखरेदीची पद्धत, निविदांची हाताळणी, रुग्णालयाचा कारभार, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्रालय, अशी सगळी साखळी त्यात उलगडली आहे. प्रत्येक कडीने आधीच्या कडीचा कागद खरा मानला होता. पुरवठादाराचे बिल होते, भांडाराची नोंद होती, वॉर्डाची मागणीचिठ्ठी होती. सगळे कागद होते; द्रव कोणता आहे हे पाहिलेले नव्हते.

पाहता आले असते का? आले असते, आणि फार महागड्या साधनांनी नव्हे. शुद्ध ग्लिसरॉलची घनता दर मिलिलिटरला १.२६ ग्रॅम, तर डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२ आहे. टक्केवारी वजनाची धरली तर शंभर ग्रॅम मिश्रणात ८१.५ ग्रॅम ग्लिसरॉल आणि १८.५ ग्रॅम दुसरा द्रव. पहिल्याचे आकारमान सुमारे ६४.६ मिलिलिटर, दुसऱ्याचे सुमारे १६.५, बेरीज ८१.१ आणि घनता १.२३. आपल्या प्रयोगशाळेतील पंचवीस मिलिलिटरच्या घनता-बाटलीत शुद्ध ग्लिसरॉल साडेएकतीस ग्रॅम भरते. हे मिश्रण पाऊण ग्रॅमने कमी भरेल. एवढा फरक शाळेचा तराजूही दाखवतो. चिकटपणातील फरक तर डोळ्यांना दिसण्याजोगा आहे. ग्लिसरॉल पाण्याच्या हजारपटीहून अधिक चिकट, डायएथिलीन ग्लायकॉल जेमतेम पस्तीस-चाळीसपट.

मात्र येथे उत्साही शिक्षकाने थोडे सावध राहावे. ग्लिसरीनमध्ये नुसते दहा टक्के पाणी मिसळले तरी घनता जवळजवळ तेवढीच, १.२३ च्या आसपास येते. (हा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल. विषाचा मात्र करू नये आणि प्रयोगशाळेतील कोणत्याच द्रवाची चव घेऊ देऊ नये.) म्हणजे घनता-बाटली ‘हे शुद्ध ग्लिसरीन नव्हे’ एवढेच सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. ते ओळखायला वर्णलेखन लागते. टीपकागदावर शाईचा ठिपका देऊन कागदाचे टोक पाण्यात बुडवले की शाईतील रंग वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढतात, तेच हे तंत्र. कागदाऐवजी सिलिकेचा पातळ थर दिलेली काच आणि पाण्याऐवजी योग्य द्रावक घेतला की ग्लिसरॉल व डायएथिलीन ग्लायकॉल यांचे ठिपके वेगळे होतात. नेमकी टक्केवारी हवी असेल तर वायू-वर्णलेखनाचे यंत्र लागते. मुंबईसारख्या शहरात १९८६ साली यातील काहीच दुर्मिळ नव्हते. पण ‘शुद्ध नव्हे’ एवढे उत्तरही ती बाटली वॉर्डात जाण्यापासून रोखायला पुरले असते.

आणि धोका नवा होता असेही नाही. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे तो जगाला ठाऊक होता. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध नवीन होते. ते पाण्यात नीट विरघळत नसे आणि मुलांसाठी पातळ औषधाची मागणी होती. टेनेसी राज्यातील मॅसेंगिल कंपनीचे रसायनज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स यांना आढळले की डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळते. त्यांनी त्याला रासबेरीचा स्वाद दिला. चव, रंग, वास तपासला. विषारीपणा तपासला नाही, कारण त्या वेळच्या कायद्याला त्याची गरज नव्हती. वास्तविक त्या द्रवाच्या विषारीपणाविषयीचे लिखाण त्याआधीच प्रसिद्ध झालेले होते. एकशे पाच माणसे मेली, त्यांत चौतीस मुले होती. वॉटकिन्स यांनी पुढे आत्महत्या केली. सरकारने ते औषध बाजारातून जप्त केले ते मृत्यूंमुळे नव्हे, तर नावाच्या चुकीमुळे. ‘एलिक्झिर’ म्हणजे अल्कोहोलमधील औषध, आणि या बाटलीत अल्कोहोल नव्हते! कायद्यात बोट ठेवायला तेवढीच जागा होती. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवे औषध विकण्याआधी ते निर्धोक असल्याचे दाखवावे लागेल असा कायदा अमेरिकेत झाला.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्येच औषधांतील भेसळीची पाहणी केली होती. १९४० चा औषध कायदा हा तिचा दूरचा परिणाम. औषध देणाऱ्या माणसाचे शिक्षण आणि नोंदणी यांसाठी १९४८ चा फार्मसी कायदा आला. तोवर दवाखान्यात कंपाउंडर असे. डॉक्टरच्या हाताखाली अनुभवाने शिकलेला, खलबत्त्यात चूर्ण करणारा, बाटलीला मात्रेच्या कागदी खुणा चिकटवणारा. तो स्वतः औषध घडवत असल्याने त्यात काय आहे ते त्याला ठाऊक असे, निदान ठाऊक आहे असे वाटे. कारखान्यात तयार झालेली, सीलबंद औषधे आल्यावर त्याचे काम बाटली मोजून देण्याचे झाले. पदवी आली, पद आले, ‘औषधनिर्माता’ हे भारदस्त नावही सरकारी दप्तरात आले. निर्मिती मात्र हातातून गेली आणि तिच्या जागी तपासणी आली नाही. माझ्या मते जे. जे. प्रकरणाची मुळे या पोकळीत आहेत. रुग्णालयाच्या औषधभांडारातील सुशिक्षित माणसाला कारकून करून ठेवल्यावर, त्याने रसायनज्ञासारखी शंका घ्यावी अशी अपेक्षा कशी ठेवणार?

लेंटिन अहवालानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उत्पादनाच्या चांगल्या पद्धती कोणत्या, हे सांगणारे ‘परिशिष्ट एम’ १९८८ मध्ये औषध नियमांत आले. ते बरेच कडक करून पुन्हा काढण्यात आले ते २०२३ च्या अखेरीस. रुग्णालयांसाठी औषधे विकत घेऊन, प्रयोगशाळेकडून तपासून मगच वाटणारे महामंडळ तमिळनाडूने १९९० च्या दशकात उभारले आणि ते इतरांना नमुना ठरले. महाराष्ट्रात २०१७ पासून ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. फार्म. डी. हा रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून शिकण्याचा अभ्यासक्रम २००८ पासून आहे, आणि २०१५ च्या नियमांनी रुग्णालयातील औषधतज्ज्ञाचे काम नुसत्या वाटपापलीकडे नेले, निदान कागदावर.

एवढ्यात दुसरीकडे तोच द्रव पुन्हा पुन्हा डोके वर काढत होता. बांगलादेशात १९९० ते १९९२ या काळात पॅरासिटामॉलच्या पातळ औषधातून तो शेकडो मुलांच्या पोटात गेला. ढाक्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. मोहम्मद हनीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधून काढले आणि पॅरासिटामॉलच्या त्या औषधावर बंदी येताच मूत्रपिंड निकामी झालेली मुले रुग्णालयात येणे झपाट्याने कमी झाले. १९९८ मध्ये दिल्लीजवळ गुडगाव भागातील तीस-एक मुले गेली. २००६ मध्ये पनामा. तेथे ग्लिसरीन म्हणून आलेली पिंपे चीनमधून स्पेनमार्गे पोहोचली होती आणि वाटेत प्रत्येक व्यापाऱ्याने शुद्धतेचे प्रमाणपत्र जसेच्या तसे पुढे सरकवले होते. त्या घटनेनंतर अमेरिकेच्या औषधकोशाने २००९ पासून ग्लिसरीनची ‘ओळख’ पटवण्याच्या चाचणीतच डायएथिलीन ग्लायकॉलचा शोध घालून दिला, मर्यादा ०.१ टक्का. पूर्वी ही तपासणी अशुद्धींच्या यादीत असे आणि पुष्कळ जण ती टाळत. आता ती केल्याखेरीज द्रवाला ग्लिसरीन म्हणताच येत नाही. बदल छोटा वाटतो, पण मला तो या सगळ्या इतिहासातील सर्वांत शहाणा बदल वाटतो.

हे विष शरीरात काय करते, याचा उलगडाही अलीकडचाच. पूर्वी समज असा होता की शरीरात त्याचे दोन तुकडे होऊन एथिलीन ग्लायकॉल बनते आणि त्यापासून ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. पण रेणूच्या मधोमध असलेला ऑक्सिजनचा पूल तुटतच नाही. यकृतातील, दारू पचवणारे तेच विकर त्याच्या एका टोकाचे रूपांतर करते. पुढे दोन्ही टोकांना आम्ल असलेले डायग्लायकोलिक आम्ल तयार होते. अमेरिकेतील लुइझियाना विद्यापीठात केनेथ मॅकमार्टिन यांच्या गटाने २०१० च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की हेच आम्ल मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशींत साचून त्यांना मारते. ते विकर रोखणारे फोमेपिझोल हे औषध वेळेवर दिले तर नुकसान टळते. पनामातील रुग्णांच्या नमुन्यांतही पुढे तेच आम्ल सापडले. मात्र फोमेपिझोल महाग असते, सहज मिळत नाही, आणि लघवी थांबल्यावर रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते.

नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीच्या शिक्षकाला मुंबईचे १९८६ दूरचे वाटले तर नवल नाही. पण २०२५ तसे दूरचे नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-खोकल्याची मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागली. त्यांतली बरीच उपचारासाठी नागपुरास आणलेली होती. वीसहून अधिक मुले गेली. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. म्हणजे बाटलीतला निम्मा द्रव. कांचीपुरम जिल्ह्यातील उत्पादकाने औषधी दर्जाचे नसलेले प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचे तपासणीत दिसले. कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासून घ्यावी हा नियम आधीपासून होता. केंद्राच्या औषध नियंत्रकांना तो पुन्हा एकदा पत्र पाठवून आठवून द्यावा लागला. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाचपर्यंत शक्यतो टाळावीत, असा सल्लाही केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वेळी दिला.

यात एक गोष्ट मनाला फार लागते. २०२२ मध्ये गांबिया देशात सत्तरच्या आसपास मुले दगावली आणि त्यांचा संबंध भारतात बनलेल्या औषधांशी जोडला गेला. त्यानंतर १ जून २०२३ पासून परदेशी जाणारे प्रत्येक खोकल्याचे औषध ठरावीक प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज निर्यात करता येईना. परासियातील दुकानात जाणाऱ्या बाटलीला तशी अट नव्हती. परदेशच्या मुलासाठी जी तपासणी शक्य होती, ती आपल्या मुलासाठी अशक्य का ठरावी, याचे उत्तर तांत्रिक नाही.

सरकारी साखळीही निर्धास्त राहण्याजोगी नाही. २०२३-२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे उघड झाले. येथे विष नव्हते, पण जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या दृष्टीने परिणाम फार वेगळा नाही. ही लबाडी उघडकीला आली ती एका औषध निरीक्षकाने ग्रामीण रुग्णालयातून नमुना उचलला म्हणून.

वडनेरसारख्या गावातील आरोग्य केंद्रात औषध येते ते जिल्ह्याच्या भांडारातून. तिथल्या साठा-नोंदवहीत औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि नग हे रकाने असतात. खाजगी दुकानातील बाटलीवर तेवढेच छापलेले असते. बॅच क्रमांकाचा उपयोग बहुतेकांना ठाऊक नसतो. एका मोठ्या पात्रात एका वेळी घोटलेल्या औषधाचा तो अनुक्रम. कोल्ड्रिफच्या बाबतीत ‘एसआर-१३’ ही बॅच सापडल्यामुळेच बाकीच्या बाटल्या कोणत्या राज्यांत, कोणत्या दुकानांत आहेत, याचा माग काढता आला. घरोघरच्या अर्धवट वापरलेल्या बाटल्या गोळा करतानाही तोच आकडा पाहिला गेला. ज्यांनी बाटलीचे खोके फेकून दिले होते आणि लेबल ओलसर होऊन पुसले होते, त्यांच्या बाटल्यांचा माग प्रयोगशाळेतच काढावा लागणार, वर्णलेखनाच्या काचेवर दोन ठिपके वेगळे होतात का ते पाहून.